तेहतीस थेंब

रात्रीचे पावणेदोन. किनवटचा दवाखाना.
खाट नंबर सहा. जंगू सिडाम, वय एकेचाळीस,
वजन अंदाजे पन्नास
(काटा स्टोअरमध्ये, स्टोअरची किल्ली रजेवर).
हाक मारली तर डोळे उघडत नाही.
छातीच्या हाडावर मूठ रगडली
की उजवा हात उचलतो, तेवढंच.

डोक्यात गेलेला हिवताप.
आर्टेसुनेटचा पहिला डोस साडेनऊला दिला,
दुसरा सकाळी साडेनऊला.
मधले बारा तास
नळीवरच्या एका पांढऱ्या चाकावर,
माझ्या अंगठ्याखाली.

मिनिटाला तेहतीस थेंब. तासाला शंभर मिली.
याहून जास्त नाही.

पायाशी मानकूबाई बसलेली,
थोरला भाऊ सोनेराव अजून उभाच.
"सिस्टर, कवाची लावली बाटली, अर्धी बी सरली नाही.
जोरात सोडा की.
अंग भट्टीवानी, ओठ बघा कसे फुटलेत."

ओठ फुटलेत, खरंय.
पण या तापात आतल्या नळ्या पाझरू लागतात,
सोडलेलं पाणी रक्तात टिकत नाही,
फुप्फुसात उतरतं.
तहानेला माणूस खाटेवर बुडतो.
हे मी सोनेरावला सांगते. माझ्याच कानाला
ते खोटं वाटतं.

"पाणीसुद्धा मोजून देता का तुमी सरकारी लोकं?"

हे वाक्य मी लहानपणापासून ओळखते.
माझे वडील आष्टीकडं ग्रामपंचायतीचं पाणी सोडायचे.
खांद्यावर लोखंडी चावी, गल्लीला वीस मिनिटं.
त्या वीस मिनिटांपायी
जन्मभर शिव्या खाल्ल्या,
आणि आमच्या रांजणातही वीसच मिनिटांचं पाणी.
मी ठरवलं होतं,
पाण्याशी संबंध नसलेली नोकरी करायची.

मागच्या भाद्रपदात खाट नंबर चार.
बाई, दोन लेकरांची. पिशवीत लघवीचा थेंब नव्हता.
डॉक्टर लेबर रूममध्ये अडकलेले.
तिची आई माझे पाय धरत होती.
मी चाक वर सरकवलं. पूर्ण.
एक बाटली. मग दुसरी.
पहाटे तिच्या ओठांवर गुलाबी फेस आला.
केसपेपरवर सगळं बरोबर लिहिलेलं आहे.
मीच लिहिलंय.

अडीचला लाइट गेली.
जनरेटर खोकला आणि बसला.
मी मोबाइलचा टॉर्च सोनेरावच्या हातात दिला,
म्हटलं, इथं धरा. आणि मोजा.
"काय मोजू?"
थेंब. माझ्या "थांबा"पर्यंत.

तो वाकला. उजेड त्या छोट्या काचेसारख्या कुपीवर.
उंदी, रंड, मूंद, नालुंग,
दहापर्यंत गोंडीत,
मग अकरा, बारा मराठीत,
शाळेत बसल्यासारखा.

मी तेवढ्यात जंगूला कुशीवर वळवलं,
पाठीला खाली, बरगड्यांच्या शेवटाशी, स्टेथो लावला.
करकर नाही.
श्वास मिनिटाला अठ्ठावीस.
साखर अठ्ठावन्न. डेक्स्ट्रोज दिलं, हळूहळू,
आणि तेही हिशोबात धरलं.
मानकूबाईला म्हटलं, पदर ओला करा,
ओठ पुसा. पाजायचं नाही.
तिनं पुसले. पुन्हा पुन्हा पुसले.
एवढं पाणी मला अडवता आलं नाही
आणि अडवायचंही नव्हतं.

साडेचारला पिशवीत चाळीस मिली,
काळ्या चहाच्या रंगाचं.
चाळीस. मी लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या,
कशाला ते माहीत नाही.

जंगूनं डोळे उघडले नाहीत.
हाक मारल्यावर भुवई हलली, असं मानकूबाई म्हणते.
मला दिसली नाही. मी ते लिहिलं नाही.

लाइट आली. ट्यूब फडफडली.
सोनेराव तरी टॉर्च धरून मोजतोय.
मिनिटाला त्याचे एकतीस येतात.
मी घड्याळ बघून पुन्हा मोजते.
माझे तेहतीस.

मी त्याला दुरुस्त करत नाही.